दोन देशांतल्या सर्व्हरची साठवण जोडून एकच मोठी डिस्क करता येईल का?

पुण्यातल्या क्लस्टरची (एकत्र जोडलेल्या संगणकांची) आणि जर्मनीतल्या सहकाऱ्यांच्या सर्व्हरची जागा एनएफएसने, म्हणजे दूरची डिस्क आपल्याच फोल्डरसारखी दाखवणाऱ्या पद्धतीने, जोडून दोन्हीकडे एकच फोल्डर दिसावा, म्हणजे जॉब (गणनेची कामं) कुठेही चालवता येतील, असं तुम्ही म्हणताय. जोडता येईल हो, पण वैतागाल. आणि 10 जीबीपीएसची लाइन घेऊनही तो वैताग जाणार नाही.

आड येतं ते अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, त्यात केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. जाऊन-येऊन 150 मिलिसेकंद धरा. 10 हजार फाइल्सच्या फोल्डरची यादी मागवली आणि दर फाइलमागे एक फेरी पडली, तर नुसत्या यादीला 25 मिनिटं. तीच गत इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपीची: विंडो, म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा, 64 केबीवर अडकलेली असेल तर एका कनेक्शनवर सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या वर काही मिळत नाही. मोठ्या फाइल्ससाठी बफर वाढवून, समांतर कनेक्शनं उघडून यातून मार्ग निघतो. ग्रिडएफटीपी हे फाइल पाठवायचं साधन तेच करायचं. हजारो बारक्या फाइल्स असतील तर आधी त्यांचं टार करा, म्हणजे सगळ्या एका मोठ्या फाइलमध्ये बांधा.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ग्रिडमध्ये (जगभरच्या संगणक केंद्रांच्या जाळ्यात) तिथल्या लार्ज हेड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा डेटा दीडशेहून जास्त केंद्रांत पसरलेला आहे. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत या यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगाचं टिअर-2 (दुसऱ्या स्तराचं) केंद्र आहे, कोलकात्याच्या व्हीईसीसी या संस्थेत अ‍ॅलिस प्रयोगाचं. यांनी एकच डिस्क असल्याचं सोंग आणलेलं नाही. साठवण ज्याची त्याची, कुणाकडे डीकॅश हे साठवणीचं सॉफ्टवेअर, कुणाकडे ईओएस. सीएमएस आणि अ‍ॅटलास या प्रयोगांत केंद्रांना सामायिक असतो तो रुसिओ नावाचा कॅटलॉग. ‘या डेटासेटच्या दोन प्रती, एक इथे, एक तिथे, अमुक तारखेपर्यंत’ एवढा नियम लिहायचा; प्रती करवून घेणं, फसल्या तर पुन्हा करवणं, मुदत संपली की पुसणं हे पुढे आपोआप होतं. जॉब शक्यतो डेटा असेल तिथेच पाठवतात. नाहीच जमलं तर एक्सरूटडी या सॉफ्टवेअरने फाइलचा लागेल तेवढाच भाग दुरून वाचतात.

हे सगळं चालतं ते एका शिस्तीवर: लिहून झालेली फाइल कुणी बदलत नाही. सुधारणा हवी असेल तर नव्या नावाने नवी फाइल. त्यामुळे कुठली प्रत ताजी हा तंटा उरत नाही, लॉकिंगही (एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून फाइल अडवणं) लागत नाही, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला की विषय संपला. माझ्या मते तुमच्या अर्ध्या अडचणी एवढ्यानेच मिटतील.

तुम्हा दोन गटांना रुसिओ म्हणजे माशी मारायला तोफ. आरक्लोन या फाइल-कॉपीच्या साधनाने प्रती करा आणि कुठली फाइल कुठे आहे, तिचा आकार, चेकसम, मालक हे एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा.

त्यात ‘कधीपर्यंत’ असाही रकाना असू द्या. टेनेसी विद्यापीठात इंटरनेट बॅकप्लेन प्रोटोकॉल तयार झाला, त्यात जागा ठरावीक मुदतीपुरतीच उसनी मिळायची आणि मुदत सरली की मालक ती परत घेऊ शकायचा. मला ही कल्पना फार आवडते, कारण दुसऱ्याच्या डिस्कवरचा डेटा पुसायला कुणीच धजत नाही आणि दोन वर्षांत दोन्ही सर्व्हर भरून बसतात. मुदत कोण वाढवणार हेही जर्मनीकरांशी आत्ताच ठरवून घ्या.