वाचकांचे प्रश्न : कोंबडीची मांडी, बदकाचं डुलणं आणि ब्रॉयलरचं लंगडणं

प्रश्न : कोंबडीचा गुडघा मागच्या बाजूला कसा वाकतो?

तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. कोंबडी सोलताना नीट पाहा. अंगाला चिकटलेला जाड तुकडा म्हणजे मांडी, त्याखालचा लेगपीस म्हणजे नडगी. गुडघा या दोघांच्या मधे, जिवंतपणी पिसांत बुडालेला. खालचा खवल्यांचा भाग खरं तर पाऊलच. कोंबडी जन्मभर बोटांवर चालते.

मांडीचं हाड मात्र जवळपास आडवं असतं. शेपटीचं हाड आखूड, छातीला उडण्याचे जाड स्नायू, त्यामुळे सगळा भार खुब्याच्या पुढे पडतो. मांडी आडवी पुढे आली तरच पंजे त्या भाराखाली येतात. चिलीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये हेच उलट बाजूने तपासून प्रसिद्ध केलं. दोन दिवसांच्या पिल्लांना त्यांच्या वजनाच्या 15 टक्के भाराची खोटी शेपटी लावली आणि पिल्लू वाढेल तशी ती बदलत नेली. मोठेपणी त्यांची मांडी जास्त उभी राहिली आणि पाय खुब्यातून अधिक हलू लागला. तेवढंच वजन अंगाच्या मध्याशी बांधलेल्या पिल्लांची चाल तशी बदलली नाही. म्हणजे ओझं किती यापेक्षा ते कुठे आहे, हे महत्त्वाचं.

प्रश्न : बदक डुलतं, कोंबडी का नाही?

बदकाचे पाय आखूड, एकमेकांपासून लांब आणि अंगाच्या मागच्या भागात. पाण्यात वल्ह्यासाठी ही जागा उत्तम, जमिनीवर गैरसोयीची. एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या पायावर न्यावा लागतो, म्हणून अंग कलतं. तळ्यातल्या टिबुकलीचे पाय तर इतके मागे असतात की तिला जमिनीवर धड चालताही येत नाही. यावर एक तोड ‘इंडियन रनर’ बदकात दिसते. (नाव इंडियन, मूळ इंडोनेशियातलं.) ते बाटलीसारखं उभं राहतं, भार पायांवर येतो आणि ते चक्क पळतं.

प्रश्न : चिमणी उड्या मारते, साळुंकी चालते. असं का?

फांद्यांमधे वावरणाऱ्या हलक्या, आखूड पायांच्या पक्ष्याला दोन्ही पाय जोडून उडी सोयीची पडते. साळुंकी बराच वेळ जमिनीवर किडे टिपते, तिचे पायही दणकट. कावळा दोन्ही करतो.

प्रश्न : चार आठवड्यांचे ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेले पक्षी) लंगडतात, बसून राहतात. काय पाहावं?

आधी अंगाचा आकार लक्षात घ्या. 40 ग्रॅमचं पिल्लू पाच आठवड्यांत 2 किलोच्या आसपास जातं आणि त्यात छातीचा वाटा मोठा. भार पुढे सरकतो, पाय फाकतात, पावलं आखूड पडतात. थोडी फताडी चाल या जातीत असायचीच. पक्ष्याला हळूच उठवा आणि मागून पाहा. दोन-चार पावलांत पुन्हा बसला किंवा पंख टेकवून चालला, तर दुखणं आहे.

मग जमिनीवर पसरलेली तुसाची गादी तपासा. मूठभर तूस दाबा. लाडू वळला तर गादी ओली, मूठ उघडताच सुटलं तर ठीक. ओल्या गादीने तळवे चिघळतात. पहिल्या आठवड्यानंतर रात्री सलग 4 ते 6 तास अंधार ठेवा. रात्रभर उजेड असला तर सतत खाऊन वजन चढतं आणि हाडं मागे पडतात. खाद्यातलं कॅल्शियम, फॉस्फरस, ड-3 जीवनसत्त्वही विक्रेत्याकडून तपासून घ्या.

पिल्लांच्या दोन खोडी वेगळ्या ओळखा. पाय दोन बाजूंना घसरत असतील, तर ब्रूडरमधला (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेतला) गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद काढून खरखरीत गोणपाट घाला आणि दोन्ही पाय 2-3 सेंटिमीटर अंतर ठेवून मऊ चिकटपट्टीने तीन-चार दिवस जोडा. पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं तरच उपयोग, पुढे हाड तसंच बसतं. बोटं आत मुडपून पिल्लू घोट्यांवर रांगत असेल, तर ब-2 जीवनसत्त्व कमी पडतंय. ते पाण्यातून लगेच सुरू करा, उशीर झाला तर नस सुधारत नाही.

एक पाय पुढे, एक मागे ताणून पडलेला पक्षी दिसला, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. तो मरेक्स हा विषाणूजन्य आजार असू शकतो. पक्षी वेगळा काढा आणि पशुवैद्यकाला बोलवा.