निओडिमियम फ्लोराइडचं वजन कमी का भरतं?

प्रश्न : निओडिमियम धातू काढायला आधी त्याचं फ्लोराइड करायचं म्हणून १०० ग्रॅम निओडिमियम ऑक्साइडमध्ये १०२ ग्रॅम अमोनियम बायफ्लोराइड (फ्लोरिन पुरवणारा क्षार) मिसळून मिश्रण थेट ४०० अंश सेल्सियसवर तापवलं. हाती ११४ ग्रॅम पूड आली. ती कॅल्शियमबरोबर वितळवली, तर धातूचा गोळा तळाशी बसलाच नाही, बारीक मणी मळीत (धातूवर जमणाऱ्या वितळलेल्या गाळात) अडकून राहिले. काय चुकलं?

उत्तर : १०० ग्रॅम शुद्ध ऑक्साइडचं ११९.६ ग्रॅम फ्लोराइड व्हायला हवं. तुमची साडेपाच ग्रॅमची तूट दोन कारणांनी येऊ शकते. एक म्हणजे ऑक्साइडच ओलं असेल. उघडी बरणी हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, मग तोललेल्या १०० ग्रॅममध्ये निओडिमियम कमीच असतं. दुसरं, ऑक्सिफ्लोराइड, म्हणजे ऑक्सिजन पुरता न निघालेलं अर्धवट फ्लोराइड, उरलं असेल. पूर्ण ऑक्सिफ्लोराइड झालं तर वजन १०६.५ ग्रॅमच भरतं.

ओळखायची खूण सोपी आहे. पुडीत पुन्हा बायफ्लोराइड मिसळून तापवा. वजन वाढलं तर ऑक्सिफ्लोराइड होतं, तेवढंच राहिलं तर ओल होती. रंगावर जाऊ नका. ट्यूबलाइटखाली निओडिमियमचे क्षार वेगळेच दिसतात.

मणी अडकले त्यावरून आमचा संशय ऑक्सिफ्लोराइडवरच आहे. कॅल्शियम फ्लोराइडमधला फ्लोरिन घेऊन कॅल्शियम फ्लोराइड होतं, तीच मळी; ऑक्सिफ्लोराइडमधला ऑक्सिजन घेऊन मात्र चुना (कॅल्शियम ऑक्साइड) होतो. कॅल्शियम फ्लोराइड १४१८ अंशांना वितळतं, चुना २६०० च्या आसपास. तो मिसळला की मळी घट्ट होते आणि धातूचे थेंब एकमेकांना भेटत नाहीत.

१०२ ग्रॅम हा नेमका हिशेबाचा आकडा, त्यात उडून जाणाऱ्या बायफ्लोराइडची भरपाई नाही. १३० ग्रॅम घ्या. ऑक्साइड आधी ९०० अंशांवर भाजून, बंद डब्यात निववून मगच तोला. मिश्रण निकेलच्या भांड्यात १५०–२०० अंशांवर काही तास धरा. याच टप्प्यात पाणी तयार होतं आणि ते इथेच बाहेर जायला हवं. याहून वरच्या तापमानात गरम फ्लोराइडला पाण्याची वाफ लागली की ते पुन्हा ऑक्सिफ्लोराइडकडे वळतं. मग कोरड्या आर्गॉनच्या प्रवाहात हळूहळू ४०० पर्यंत न्या. नळीच्या थंड टोकाला अमोनियम फ्लोराइडचा पांढरा थर साचतो. तो वाढायचा थांबेपर्यंत तापवा, पण त्याने नळी तुंबलेली नाही ना तेही बघा.

बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन फ्लोराइड हा त्वचा जाळणारा विषारी वायू असतो. धूरकपाट, जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, यांतलं एक जरी नसेल तरी भट्टी पेटवूच नका. हा वायू किंवा बायफ्लोराइड त्वचेला लागलं तर भरपूर पाण्याने धुऊन जेल चोळा आणि दुखत नसलं तरी लगेच डॉक्टरांकडे जा. वेदना कित्येकदा तासांनी सुरू होतात.