येळवशीला नुसतं जेवायला जाऊ नका

बर्मिंगहॅमजवळून एका भगिनीचं पत्र आलंय. सासर लातूर जिल्ह्यातलं, घरची शेती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथेच जेवायचा तिकडचा सण. त्या लिहितात, "लग्नाला 12 वर्षं झाली, पण येळवस एकदाच बघितली. यंदा मुलांना दाखवायचीच असं ठरवलंय. ती नाताळच्या सुट्टीत येतेच, तेव्हा तीन दिवस गावाला देऊ. जाऊबाई म्हणाल्या, तुम्ही नुसतं जेवायला या, आम्ही सगळं करून ठेवतो." पुढे मुलांच्या पोटाची, भेटवस्तूंची आणि शाळेची काळजी आहे. त्याकडे शेवटी येते.

बाई, तुमची ओढ मला कळते. डिसेंबरात चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात बसून हरभऱ्याचं शेत आठवणं काय असतं, हे मला कुणी सांगायला नको. पण "नुसतं जेवायला या" हे जाऊबाई मायेनं म्हणाल्या आणि तुम्ही ते खरं धरून चाललात, हे काही मला पटलं नाही.

मीही हेच केलं होतं. माझं माहेर निलंग्याकडचं. एका वर्षी वेळ अमावस्येच्या ऐन सकाळी हैदराबादला उतरले आणि गाडीनं थेट शेतात गेले. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, उभी होती, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले. वहिनी ज्वारी-ताकाच्या आंबिलानं भरलेला बिंदगा डोक्यावरून घेऊन आली होती. मी पानावर बसले, भज्जीचं, म्हणजे त्या मिसळ भाजीचं, तोंडभरून कौतुक केलं. आई बाजरीचे उंडे वाढायला वाकली तेव्हा तिचे हात दिसले. अंगठ्यांची नखं हिरवी-काळी झालेली, हरभऱ्याच्या आंबीनं बोटांची टोकं उललेली. भज्जीत तूर, वाटाणा, ओला हरभरा, शेंगदाणे, काय काय पडतं. ते सगळं कुणीतरी निवडलेलं, सोललेलं असतं. आईनं दोन रात्री बसून सोललं होतं, माझ्या वाटणीचंही. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून पोरं शेताभोवती धावली, तेव्हा ती कोपीत झोपून गेली होती. माझ्याशी धड चार वाक्यंही बोलली नव्हती.

त्यानंतर जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा पाच-सहा दिवस आधी गेले. शेंगांचा ढीग मध्ये घेऊन बसलं की आई बोलते. कुठलं वावर कुणाच्या लग्नात गेलं, कुठल्या साली हरभरा घाट्यांवर असताना गारांनी झोडपला, हे मला तिथे कळलं. फोनवर "बरं आहे का" याच्यापुढे आमची गाडी कधी गेली नव्हती. माझा मुलगा मामाबरोबर पेंढ्या वाहायला गेला. कोप बांधताना मामानं त्याला एक गाठ शिकवली. आज तो 19 वर्षांचा आहे, सायकलला सामान बांधताना अजून तीच गाठ मारतो.

तेव्हा तीन दिवस पुरायचे नाहीत, आठ तरी काढा. निम्मे सणाच्या आधी. सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण मोठ्या सुनेनं एकटीनं 30 माणसांचं रांधायचं आणि धाकटीनं फोटो काढायचे, यातून जावाजावांत काय साठत जातं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि तिकीट काढण्याआधी पंचांग बघा. येळवस नाताळला बांधलेली नाही, ती मार्गशीर्ष अमावस्येला येते. 2022 मध्ये 23 डिसेंबरला होती, पुढची अधिक महिन्यामुळे थेट 11 जानेवारी 2024 ला, त्यानंतरची 30 डिसेंबर 2024 ला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून आता येणारी जानेवारी 2027 मध्ये पडते. नक्की दिवस घरच्यांकडून घ्या.

म्हणजे शाळा बुडणार. मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या. इंग्लंडात विनापरवानगी पाच दिवस बुडले तर प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पौंड दंड होऊ शकतो, 21 दिवसांत भरला नाही तर 160. परवानगी नाही मिळाली तर काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. पोटाचं म्हणाल तर पाणी उकळून द्या, आंबील पहिल्या दिवशी अर्धी वाटीच. भेटवस्तूंचा घोळ घालूच नका.

आज रविवार आहे, जाऊबाई दुपारी मोकळ्या असतील. त्यांना फोन लावा आणि विचारा, "वहिनी, शेंगा कुठल्या दिवशी तोडायच्या? मी त्याच्या आदल्या दिवशी पोचते."