आभारांची वही भरतेय, पण उमेद येत नाही

प्रश्न : ताई, अकरा वर्षं एकाच कंपनीत हिशेबाचं काम केलं. चार महिन्यांपूर्वी आमचा अख्खा विभाग बंद झाला आणि माझी नोकरी गेली. वहिनीने एक वही हातात ठेवली. म्हणाली, ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा दहा गोष्टी रोज रात्री लिही, उमेद टिकते. मी नेमाने लिहितेय, पण लिहिताना खोटं वाटतं. सकाळी अर्ज करायला बसायचं म्हटलं की हात उचलत नाही. हल्ली झोपही धड लागत नाही. गेल्या आठवड्यातल्या पानांचे फोटो सोबत पाठवतेय. माझ्यातच काही कमी आहे का?
— वहीत खोटं लिहिणारी

उत्तर : तुमची पानं मी दोनदा वाचली. सातही दिवस पहिल्या तीन ओळी त्याच आहेत: आरोग्य, घरची माणसं, डोक्यावर छप्पर. पुढे दहाचा आकडा गाठायचा म्हणून 'पंखा चालू आहे' हेसुद्धा आलंय. अहो, पंख्याचे कसले आभार! तुमच्यात काहीही कमी नाही. गृहपाठासारखं जे लिहिलं जातं, ते खोटंच वाटणार.

वहिनींचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्या म्हणण्याला आधारही आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात काही जणांनी ज्यांचे आभार मानावेत अशा गोष्टी दहा आठवडे लिहिल्या आणि त्यांना आयुष्याबद्दल इतरांपेक्षा बरं वाटलं. पण ते आठवड्यातून एकदाच लिहीत होते, आणि तेही जास्तीत जास्त पाच गोष्टी. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना पडला नाही. तुम्ही रोज दहा लिहिताय. तेव्हा वही रविवारपुरती ठेवा. तीन ओळी झाल्या तरी पुष्कळ.

पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. अकरा वर्षांची नोकरी गेली आणि सात पानांत रागाचा एक शब्द नाही! कुणी सांगितलं, विभाग बंद होणार हे तुम्हाला आधी कळलं होतं का, शेवटच्या दिवशी कोण काय म्हणालं, यातलं काहीच नाही. 'ज्यांची परिस्थिती याहून वाईट आहे त्यांच्याकडे बघ' असं स्वतःला बजावत तुम्ही सगळं गिळलेलं दिसतंय. दुसऱ्याचं दुःख मोजून आपलं समाधान वाढत नाही, उलट रडायचीही लाज वाटायला लागते.

1994 साली जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कंपनीने कमी केलेल्या अनुभवी अभियंत्यांपैकी काहींना त्यांनी सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे जे असेल ते लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यातल्या कितीतरी जास्त जणांना नोकऱ्या मिळाल्या. गंमत म्हणजे त्यांनी इतरांपेक्षा जास्त खटपट केली होती असंही नाही. अभ्यासकांचा अंदाज असा की, मनातली मळमळ बाहेर पडल्यामुळे मुलाखतीत जुन्या कंपनीबद्दलची कटुता आड आली नसावी. मला हे पटतं. 'आधीची नोकरी का सोडली?' हा प्रश्न तुम्हालाही येणारच. तेव्हा आवाज न चढवता 'आमचा विभाग बंद झाला, त्यात माझं पद गेलं' एवढं सांगून पुढे कामाबद्दल बोलता आलं पाहिजे. आतला राग कागदावर उतरला असेल तर ते सोपं जातं. म्हणून पुढचे पाच दिवस आभारांची वही बंद. वेगळे कागद घ्या, वीस मिनिटांचा गजर लावा आणि काय वाटेल ते लिहा. नंतर फाडून टाकलंत तरी चालेल.

आता तुमच्या गुरुवारच्या पानाकडे या. सहावी ओळ: 'ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आधी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या सगळ्या पगाराच्या स्लिपा आठवणीने डाउनलोड करायला लावल्या.' सत्तर ओळींत ही एकच ओळ मला खरी वाटली. कारण यात एक माणूस आहे आणि त्याने तुमच्यासाठी नेमकं काय केलं ते आहे. तुम्ही तिला हे कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी वाटत नाही.

मग आज तिला चार ओळी पाठवा. 'त्या दिवशी तू आठवण केली नसतीस तर माझी कागदपत्रं अडकली असती, मला ते अजून आठवतं' एवढं पुरे. आपण उगाच अवघडतो, समोरच्याला काय वाटेल म्हणून. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली हेच तपासलं, तर आभाराचं पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होतो याचा अंदाज लिहिणारे फार कमी धरतात, असं दिसलं. मात्र त्याच निरोपात 'कुठे जागा असेल तर सांग' हे जोडू नका, केलेल्या आभारांवर पाणी पडतं. नोकरीचं नंतर, वेगळं आणि सरळ विचारा. विचारा मात्र नक्की. रोजच्या भेटीतल्या माणसांपेक्षा क्वचित गाठ पडणाऱ्या ओळखींतून नोकरीची खबर जास्त मिळते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 सालीच दाखवलंय. अकरा वर्षांत अशी माणसं तुम्ही कितीतरी जोडली असतील: जुने साहेब, ऑडिटला येणारे, आधीच सोडून गेलेले सहकारी. वहीत रविवारी यांच्यापैकीच कुणीतरी येऊ दे.

सकाळचं म्हणाल तर उमेद येईल मग बसू, असं करू नका. रोज ठरल्या वेळी एक अर्ज, तोही नीट वाचून, आणि मग लॅपटॉप बंद. दिवसभर पोर्टल चाळत बसण्यात थकवाच जास्त.

राहिलं झोपेचं. ते तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मी उरकणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना भेटा आणि नोकरी गेल्याचं त्यांना आवर्जून सांगा. एकटीने जायचं जिवावर येत असेल तर वहिनींना बरोबर न्या. त्यांना तुमच्यासाठी काहीतरी करायचंच आहे.