आयपी दिसतो म्हणून व्हीपीएन घ्यायची घाई करू नका

गुहागरच्या दादांनी विचारलंय, की एका वेबसाइटने ‘तुमचा आयपी अॅड्रेस उघडा आहे’, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता दिसतोय, असं लाल अक्षरांत दाखवलं, केबलवाल्याचा मुलगा व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून खरा पत्ता झाकणारं अॅप) टाका म्हणतो, तर घरगुती होमस्टेसाठी ते घ्यावं का? वाचून राहवलं नाही. तीन वर्षांपूर्वी अशीच लाल पाटी बघून मी घाबरले होते आणि त्यात ऐन आंब्याच्या हंगामातले नऊ दिवस गेले. आमची देवगडला हापूसची बाग आहे, पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. मी या विषयात शिकलेली नाही, सोसून कळलं तेवढं सांगते.

आयपी दिसणारच. तुम्ही पान मागितलंत, तर ते कुठे पाठवायचं हे त्या वेबसाइटला कळायला नको? त्यावरून तुमचं नाव किंवा घर त्या वेबसाइटला कळत नाही, फार तर गावाचा अंदाज येतो, आणि तोही आमच्याकडे कधी पुणे दाखवतो, कधी मुंबई. कुठल्या वेळी तो पत्ता कुणाकडे होता याची नोंद इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे असते आणि ती पोलीस मागवू शकतात. ती लाल पाटी लावणारी वेबसाइट व्हीपीएन विकते का, तेवढं आधी बघा.

आता माझी चूक. मी फुकटचं एक अॅप लॅपटॉपवर टाकलं आणि कायम चालू ठेवलं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी गड्यांचे आणि पेटीवाल्याचे पैसे द्यायला नेटबँकिंग उघडलं. अॅप माझं इंटरनेट नेदरलँड्समधून फिरवत होतं, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. बँकेच्या दृष्टीने देवगडचं खातं युरोपातून कुणीतरी उघडत होतं. खातं अडकलं. गिऱ्हाइकांचे पैसे आत येत होते, बाहेर एक रुपया जात नव्हता.

शाखेत गेले तर म्हणाले, हे वरून झालंय, कस्टमर केअरला फोन करा. कस्टमर केअर म्हणालं, शाखेत अर्ज द्या. अर्ज, आधार, पॅनची झेरॉक्स दिली, तर सही करणारे साहेब रजेवर. मध्ये आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग रविवार. झाडावर आंबा तयार, गडी हाताशी हवेत आणि मी एसटीने तालुक्याला खेपा घालतेय. गड्यांचे पैसे नणंदेकडून उसने घेऊन भागवले. नवव्या दिवशी एका नव्या क्लार्कने विचारलं, “ताई, व्हीपीएन वापरता का?” हा एक प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारला असता तर! खातं का अडकलं हे लेखी आजतागायत मिळालेलं नाही. त्याचा राग अजून आहे. खातं बंद करायला एक क्षण लागतो आणि उघडायला माणसाने दारोदार फिरायचं, हे मला मान्य नाही.

माझं स्पष्ट मत असं, की घरच्या वापराला व्हीपीएन लागत नाही. बँक, ईमेल, खरेदी सगळं आता एचटीटीपीएसवर चालतं, म्हणजे मजकूर वाटेत कुणाला वाचता येणार नाही असा कुलूपबंद जातो. तुम्ही कुठल्या वेबसाइटवर गेलात हे इंटरनेट कंपनीला कळू शकतं, तिथे काय लिहिलंत ते नाही. व्हीपीएन घेतलं की हीच माहिती त्या कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याच्या हाती जाते, इतकाच फरक. फुकटवाल्यांचं तर बोलूच नका. फेसबुकच्या ओनावो या फुकट व्हीपीएन अॅपने लोक कुठली अॅप वापरतात त्याची माहिती गोळा केली, म्हणून ते २०१८मध्ये अॅपलच्या स्टोअरमधून निघालं. होला हे असंच फुकटचं व्हीपीएन वापरणाऱ्यांच्या घरचं इंटरनेट तिसऱ्यालाच विकलं जात होतं, हे २०१५मध्ये बाहेर आलं. म्हणजे दुसऱ्याचा उद्योग तुमच्या आयपीवरून.

पैसे देऊन घेतलं तरी एक गोष्ट लक्षात घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. ऑफिसने कामासाठी व्हीपीएन दिलं असेल किंवा तुम्ही पत्रकार असाल, तर गोष्ट वेगळी, तिथे माझं ऐकू नका.

होमस्टे म्हणालात म्हणून विचारते, अंगणात कॅमेरे आहेत ना? खरी भीती तिथे आहे. बसवणारा माणूस डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याचा, मूळ पासवर्ड बऱ्याचदा तसाच ठेवतो आणि मोबाईलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये (वायफायच्या डब्यात) पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून जातो. पाहुण्यांची ये-जा कुणीही बघू शकेल, आणि व्हीपीएन लावून तो पोर्ट बंद होत नाही. पासवर्ड आजच बदला, डीव्हीआरचा आणि राउटरचाही. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे पोर्ट आपोआप उघडण्याची सोय, बंद करा, उघडे पोर्ट काढून टाका. पाहुण्यांना गेस्ट वायफाय द्या, घरचं नको.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे वाडीतल्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी, ते पुरत नाहीत म्हणून असं करतात. तशा पत्त्यावर बाहेरून पोर्ट उघडता येत नाही, कॅमेरा कंपनीच्या अॅपमधूनच दिसतो. मग त्या अॅपचा पासवर्ड भक्कम हवा.

आणि माझ्यासारखं खातं अडकलं तर हाताशी असावं, म्हणून हंगामाआधी दुसऱ्या बँकेत एक खातं उघडून त्यात गड्यांच्या दोन आठवड्यांच्या मजुरीएवढे पैसे ठेवा. मी आता तसंच करते.