पत्र आले, पण निवड झाली का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठाच्या जुलैमधील दोन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी ‘आपली निवड झाली आहे’ असे पत्र तिला आले आहे. शुल्क साडेपाच हजार डॉलर असून विमानाचे तिकीट धरता खर्च साडेसहा लाखांच्या घरात जातो. पुढे त्याच विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळणे सोपे होईल, असे माझ्या यजमानांना वाटते आणि त्यासाठी मुदत ठेव मोडण्याची त्यांची तयारी आहे. मुलीला गणिताची मनापासून आवड आहे. आम्ही काय करावे? — एक आई, नाशिक

उत्तर : ठेव मोडण्याचे कारण पदवीचा प्रवेश हेच असेल, तर ती मोडू नये. असे वर्ग विद्यापीठाचा उन्हाळी विभाग चालवतो आणि पदवीचे प्रवेश वेगळे कार्यालय देते. या वर्गामुळे प्रवेशात झुकते माप मिळत नाही, हे अनेक विद्यापीठे आपल्या माहितीपत्रकात स्वतःच छापतात, फक्त ते ठळक अक्षरांत नसते. जून ते ऑगस्ट या काळात तिकडची वसतिगृहे रिकामी असतात आणि शुल्क भरू शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती भरली, तर विद्यापीठाला उत्पन्न मिळते. यात गैर काही नाही; मात्र ‘निवड’ हा शब्द वाचताना एवढे ध्यानात असावे.

वर्गांतही फरक असतो. हार्वर्डचेच उदाहरण घेतले, तर शाळकरी मुलांसाठीच्या तेथील दोन आठवड्यांच्या वर्गाला श्रेयांक (पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट) नसतात, तर अधिक आठवड्यांच्या दुसऱ्या उन्हाळी कार्यक्रमात पदवी पातळीचे विषय श्रेयांकांसह शिकता येतात. आपल्याला आलेले पत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहावे. दोन आठवड्यांत मुलगी परक्या ठिकाणी एकटी राहील, आपले कपडे आपण धुईल, वर्गात हात वर करून शिक्षकांना अडवायला शिकेल. हे सारे मोलाचे आहे, पण साडेसहा लाखांचे आहे का, हे आपल्या घरानेच ठरवायचे.

तारखांचा विचारही करावा. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा! आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा-महाविद्यालये उघडतात आणि आपली मुलगी तर तेव्हा बारावीत असेल. पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम आणि प्रात्यक्षिके लक्षात घेऊन प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. आठवड्याला अठरा तास किंवा अधिक अभ्यास असेल, तर पर्यटक व्हिसा चालत नाही. विद्यापीठाकडून आय-२० हे प्रपत्र मागवून विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो आणि व्हिसा नाकारला गेला, तरी अर्जाचे शुल्क परत मिळत नाही.

आता गणिताविषयी, कारण आपल्या पत्रातील तेच वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. अर्नोल्ड रॉस यांनी 1957 मध्ये सुरू केलेला रॉस गणित कार्यक्रम आणि बॉस्टन विद्यापीठात 1989 पासून भरणारा ‘प्रॉमिस’ हे सहा आठवड्यांचे उन्हाळी वर्ग मुख्यतः संख्या सिद्धांताभोवती, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासाभोवती, बांधलेले आहेत. ‘साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा’ हे रॉस यांचे सूत्र तेथे अक्षरशः पाळले जाते : मुलांना सूत्रे सांगत नाहीत, आधी अंकांची उदाहरणे हाताने सोडवायला लावतात, त्यांतून नियम मुलांनीच हुडकायचा आणि सिद्धही त्यांनीच करायचा. या दोन्ही कार्यक्रमांत प्रवेशासाठी अर्जासोबत गणिते सोडवून पाठवावी लागतात. शुल्क येथेही असते, पण आर्थिक साहाय्य मागता येते. ‘प्रॉमिस’च्याच धर्तीचा वर्ग आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही भरतो. सोनीपतच्या अशोका विद्यापीठातील लोढा जीनियस कार्यक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीत होतो आणि त्याचा खर्च आयोजक उचलतात. 1984 मध्ये सुरू झालेल्या आणि आता मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भरणाऱ्या संशोधन वर्गात तर निवड झालेल्यांना शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य मिळते. अर्थात तेथील चुरस फार मोठी आहे. पैसे कोण भरतो, हे पाहिले की निवड खरी किती, हे बहुधा कळते.

तेव्हा पत्राला उत्तर देण्यापूर्वी एक करून पाहावे. यांपैकी एखाद्या कार्यक्रमाची प्रवेशाची गणिते मुलीच्या हाती द्यावीत आणि पंधरा दिवस त्यांविषयी चकार शब्द काढू नये. ही गणिते एका बैठकीत सुटणारी नसतात. अडलेल्या गणिताकडे ती जेवण अर्धवट टाकून परत वळते का, वहीच्या मागच्या पानांवर खाडाखोड वाढत जाते का, एवढेच आपण दोघांनी पाहावे. तसे दिसले, तर अर्ज कोठे करायचा हे तीच आपल्याला सांगेल.