नेहमीचं नक्की आणि खरं नक्की

ताई, माझं फर्निचर बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. कामाला कुणी नाव ठेवत नाही, पण दिलेली तारीख माझ्याकडून पाळलीच जात नाही. फोन आला की 'पॉलिशला गेलंय' म्हणून वेळ मारून नेतो, कधी फोन उचलतच नाही. गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकानं काही न बोलता ॲडव्हान्स परत घेतला. त्याहून जिव्हारी लागलं ते मुलीचं बोलणं. 'रविवारी नक्की नेतो' म्हटलं, तर म्हणाली, 'बाबा, नेहमीचं नक्की की खरं नक्की?' मी खोटारडा आहे का?

दादा,

खोटारडे नाही, भिडस्त आहात. पण ज्याचं कपाट यायचंय, त्याला या फरकाशी काय देणंघेणं?

तुम्हाला वाटतं, तुम्ही शब्द मोडता. मला वाटतं, तुम्ही तो फार पटकन देता. समोरचा माणूस आशेनं बघत असतो, 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि 'होऊन जाईल पंधरा दिवसांत' तोंडातून निघून जातं. त्या क्षणी दोघंही खूश. त्या खुशीची किंमत मात्र सोळाव्या दिवसापासून एकटं गिऱ्हाईक मोजतं.

अंदाज चुकण्यात तुम्ही एकटे नाही. १९९४ साली मानसशास्त्रातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. आणि सगळंच बिनसलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५च्या वर! म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबही कमीच पडला. कारण अंदाज बांधताना आपण पुढचं काम डोळ्यांसमोर आणतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवतच नाही. तेव्हा वही काढा. शेवटच्या पाच-सहा ऑर्डरी बघा. कबूल केलेले दिवस किती, लागलेले किती? पुढची तारीख त्या वहीतून द्या, मनातून नको. आणि गिऱ्हाईक समोर असताना तर मुळीच नको. 'बघून संध्याकाळी सांगतो' एवढं म्हणा आणि संध्याकाळी सांगा. एखादं काम हातचं जाईल. जाऊ दे.

आता त्या पॉलिशचं. फळ्या अजून कापायच्या आहेत आणि कपाट पॉलिशला गेलंय, हे गिऱ्हाइकाला कळत नाही असं समजू नका. उशीर लोक सोसतात, कारण उशीर त्यांच्याही कामात होतो. पण ज्याला तुमच्या थापेवर विसंबून घरी थांबावं लागलं, मजूर बोलवावे लागले, तो तोंडघशी पडतो. उशीर होणार हे तुम्हाला तारखेच्या बरंच आधी कळतं ना? त्याच दिवशी फोन करा. तो चिडेल, दोन शब्द ऐका. नवी तारीख मात्र एकदाच द्या आणि या वेळी मोकळी धरा. (हे उत्तर मी सोमवारी द्यायचं कबूल केलं होतं, आज बुधवार आहे. पण संपादकांना शनिवारीच कळवलं होतं, म्हणून आमचं अजून बरं चाललंय.)

ॲडव्हान्स परत घेतलेल्या त्या गिऱ्हाइकाला एकदा भेटून चूक कबूल करा. सवलत, भेटवस्तू असलं काही नेऊ नका. पुन्हा काम मागू नका.

मुलीला 'आता मी बदललोय' असं सांगायला जाऊ नका, तोही एक शब्दच झाला. लहानसं काही कबूल करा. 'बुधवारी सातला घ्यायला येतो' म्हणा आणि सातला पाच कमी असताना दारात उभे राहा. पुढच्या वेळीही ती विचारेल, खरं नक्की ना? चिडू नका. गिऱ्हाईक न विचारताच निघून गेलं, ती अजून विचारतेय.

तुमची ताई